सुंदर आहे म्हणून डॉक्युमेंटरी नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बंद पडत चाललेल्या एका कारखान्यातल्या कामगारांचे फोटो मी काही वर्षं काढतो आहे. एक परीक्षक म्हणाले, हे डॉक्युमेंटरी आहे, म्हणजे जे घडलं त्याची नोंद, आर्ट गॅलरीत चालणार नाही. दुसऱ्या म्हणाल्या, फोटो फार देखणे आहेत आणि काही ठिकाणी तुम्ही माणसांना मुद्दाम उभं केलेलं दिसतं, तेव्हा याला डॉक्युमेंटरी म्हणता येणार नाही. मग हे आहे तरी काय? आणि मी आता कोणत्या बाजूला जाऊ?"

कुठल्याच बाजूला जाऊ नका. दोन्ही परीक्षकांनी फोटोकडे बघून निदान केलं, पण हे निदान नुसत्या फोटोकडे बघून होत नाही. बघणाऱ्याला तुम्ही काय शब्द दिला आहे आणि तो पाळला आहे का, यावर सगळं ठरतं. 'हे असंच घडलं, मी फक्त तिथे होतो' असा शब्द दिला असेल तर एका माणसाला दोन पावलं डावीकडे सरकवणंही लबाडी होते. 'मी जे पाहिलं ते पुन्हा रचून दाखवतो आहे' असं सांगितलं असेल तर पन्नास माणसं उभी केलीत तरी हरकत नाही. गडबड होते ती शब्द एक दिला आणि काम दुसरंच केलं, तेव्हा.

ही गुंतागुंत नवी नाही. अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्स १९३०च्या दशकात अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यासाठी खेड्यापाड्यांचे फोटो काढत होता. पुढे त्याने फरक सांगितला तो असा: गुन्ह्याच्या जागेचा पोलिसांनी काढलेला फोटो हा खरा दस्तऐवज, कारण त्याचा उपयोग असतो, कलेला असा उपयोग नसतो, पण ती दस्तऐवजाची शैली उचलू शकते. त्याचे हेच रुक्ष, समोरून घेतलेले फोटो १९३८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या भिंतींवर लागले. 'गॅलरीत चालणार नाही' म्हणणाऱ्या परीक्षकांना हे माहीत नसेल असं नाही. मला वाटतं, त्यांना म्हणायचं होतं की तुमची मालिका अजून गॅलरीसाठी लावलेली नाही. ते खरं असू शकतं. त्याकडे पुढे येतो.

याची उलटी बाजू बघायची तर लॅरी सुल्तान आणि माइक मँडेल यांनी १९७७मध्ये केलेलं काम बघा. हे दोघं सरकारी खाती, प्रयोगशाळा आणि कंपन्यांच्या फायली चाळत बसले आणि तिथले फोटो निवडून त्यांनी पुस्तक केलं. फोटो काढणारे होते कर्मचारी, कारण होतं एखादी चाचणी नाहीतर अपघात. या दोघांनी फक्त एकच गोष्ट केली: कॅप्शन काढून टाकली. कुणीतरी जमिनीवर पालथा पडला आहे, कुणी फेसात बुडाला आहे, चार माणसं हेल्मेट घालून खड्ड्याकडे बघत उभी आहेत. का, ते कळत नाही. जो फोटो काल पुरावा होता तोच आज कोडं झाला. फोटोतला एक कणही बदलला नव्हता. या पुस्तकानंतर फोटोच्या आत 'डॉक्युमेंटरीपणा' शोधणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता तुमचा खरा अडचणीचा मुद्दा: माणसांना उभं करणं.

जेफ वॉल हा व्हँकुव्हरचा कलाकार यातला सगळ्यात सरळ माणूस. १९८२च्या 'मिमिक'मध्ये एक गोरा माणूस रस्त्यावरून जाताना शेजारच्या आशियाई माणसाकडे बघून डोळ्याचा कोपरा ताणतो. असा प्रसंग वॉलने रस्त्यात पाहिला होता. तेव्हा त्याने फोटो काढला नाही. नंतर माणसं जमवून तो पुन्हा घडवला आणि मागून उजेड सोडलेल्या, सुमारे दोन मीटर उंच पारदर्शिकेवर दाखवला. वॉल अशा कामाला डॉक्युमेंटरीच्या जवळचं म्हणतो, डॉक्युमेंटरी म्हणत नाही. कुणी फसत नाही. तो क्षण टिपता आला असता का, यापेक्षा तसं रस्त्यात रोज घडतं का, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात उरतो.

आता दुसरं टोक. २०१५मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेने बेल्जियमच्या शार्लरुआ शहरावरच्या एका मालिकेला दिलेलं पहिलं बक्षीस परत घेतलं. त्या मालिकेतल्या रचलेल्या प्रसंगांवरून आधी बराच गदारोळ झाला होता, पण बक्षीस गेलं ते एका फोटोच्या जागेपायी: शार्लरुआचा म्हणून दिलेला फोटो प्रत्यक्षात ब्रसेल्सचा निघाला. त्याच वर्षी शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांपैकी २० टक्के प्रवेशिका फाइलमधल्या फेरफारामुळे बाद झाल्या होत्या. कलात्मक दर्जाचा इथे संबंधच नव्हता. पत्रकारितेच्या स्पर्धेत उतरलात की तो शब्द तुम्ही दिलाच, अर्ज भरतानाच दिला.

म्हणून तुमच्या फोटोंचे आधी तीन ढीग करा. न सांगता घडलेलं एकीकडे. माणूस स्वतःहून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला ती पोर्ट्रेट दुसरीकडे; यात काही गैर नाही, पोर्ट्रेटमध्ये दोघांची संमती उघड दिसते. आणि 'मघाशी करत होतात तसं पुन्हा करा' असं सांगून घेतलेले तिसरीकडे. डोकेदुखी फक्त या तिसऱ्या ढिगाची आहे, कारण ते पहिल्यासारखे दिसतात. बघणाऱ्याला फरक कळत नाही, तुम्हाला मात्र माहीत असतो. यातला एखादा फोटो मालिकेतून काढवत नसेल तर कॅप्शनमध्ये तसं लिहा. 'पाळी संपताना हजेरीचं कार्ड लावण्याची कृती, विनंतीवरून पुन्हा' एवढं पुरे. लिहायची लाज वाटली तर तो फोटो काढून टाका. मी एडिट करताना हीच चाळणी लावतो, आणि ती फार लवकर काम करते.

देखणेपणाचा आरोप जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. फोटोग्राफर सेबास्तियाओ सालगादोने १९८६मध्ये ब्राझीलच्या सेरा पेलाडा सोन्याच्या खाणीत काढलेले फोटो आठवा: चिखलाने माखलेली हजारो माणसं पाठीवर पोती घेऊन शिड्या चढताहेत. ते इतके भव्य आहेत की काही जणांना तेच खुपलं. पण सालगादोच्या कामावरचा सगळ्यात नेमका आक्षेप अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगचा होता, आणि तो सौंदर्याशी थांबत नव्हता. तिचं म्हणणं असं की त्याने काढलेल्या स्थलांतरितांच्या फोटोंखाली त्या माणसांची नावंच नाहीत. प्रसिद्ध माणसाच्या फोटोखाली नाव हमखास असतं. गरिबाच्या फोटोखाली त्याचा धंदा, देश आणि दैन्य असतं. हा आक्षेप मला पटतो. तुमचा फोटो सुंदर असल्याने कामगाराचं काही बिघडत नाही. तो फोटोत निव्वळ आकार होऊन उरला, तर बिघडतं.

दक्षिण आफ्रिकेचा फोटोग्राफर डेव्हिड गोल्डब्लॅट याची कॅप्शन मी नव्या लोकांना मुद्दाम वाचायला लावतो. ठिकाण, तारीख, काय चाललं आहे आणि कधी कधी दोन ओळींची पार्श्वभूमी. सगळं कोरड्या भाषेत, विशेषण नाही. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात स्वतःच्या कामासाठी तो रंगीत फिल्म टाळायचा, कारण त्या रागासाठी रंग त्याला फार गोड वाटायचे. राजवट गेल्यावर तो रंगाकडे वळला. सौंदर्यावर त्याची बंदी नव्हती, पण कुठलं सौंदर्य कुठे चालतं याचा त्याने विचार केला होता. तुम्हीही तेवढाच करा: तुमच्या त्या सोनेरी संध्याकाळच्या उजेडाने कारखान्याबद्दल काय सांगितलं जातं? बेकारीच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो उजेड स्मरणरंजन आणतो का? आणत असेल तर सकाळी अकराचा सपाट उजेड बरा. बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन फोटोग्राफर जोडपं. ते १९५९पासून भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे टिपत राहिले ते ढगाळ आकाशाखाली, समोरून, मोठ्या कॅमेऱ्याने, सावली येऊ न देता. सावली नाही म्हणजे वेळ नाही, वेळ नाही म्हणजे नाट्य नाही. मग एकाच मापाच्या जाळीत नऊ किंवा पंधरा टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या की डोळा आपोआप तुलना करायला लागतो. इतकं कोरडं काम, आणि १९९०च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं!

कधी कधी सौंदर्य हाच युक्तिवाद असतो. आयरिश फोटोग्राफर रिचर्ड मॉसने २०१०पासून पूर्व काँगोतल्या युद्धाचे फोटो एरोक्रोम नावाच्या इन्फ्रारेड फिल्मवर काढले. कोडॅकने ही फिल्म लष्करी टेहळणीसाठी बनवली होती. जिवंत पानं इन्फ्रारेड किरण भरपूर परावर्तित करतात, हिरव्या रंगाने रंगवलेली ताडपत्री तसं करत नाही. फिल्म इन्फ्रारेडला लाल-गुलाबी करून दाखवते, त्यामुळे खरं जंगल गुलाबी आणि लपवलेला तोफखाना वेगळा उठून दिसतो. मॉसच्या फोटोंत बंडखोर सैनिक गुलाबी टेकड्यांपुढे उभे आहेत. बघवत नाही इतकं सुंदर. २०१३मध्ये व्हेनिसला आयर्लंडच्या दालनात हे काम सहा पडद्यांच्या फिल्मरूपात दाखवलं गेलं. मला स्वतःला यातले स्थिर फोटो लवकर थकवतात, पण माध्यमाची निवड विषयातूनच आली आहे हे नाकारता येत नाही: लपलेलं दाखवणारी फिल्म, जगाने न बघितलेलं युद्ध. तुमच्या फोटोंतलं सौंदर्य असं कुठून तरी आलेलं आहे, की एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रीसेटमधून, म्हणजे एका क्लिकवर मिळणाऱ्या तयार रंगछटांमधून, हे स्वतःलाच विचारा.

तुमच्या विषयाच्या सगळ्यात जवळचं काम म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर लटोया रूबी फ्रेझरचं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलादाच्या गावात ती वाढली. तिने आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांमधून त्या गावाची पडझड दाखवली. त्यात आईबरोबर मिळून काढलेले, सरळ सरळ रचलेले फोटोही आहेत, आणि गावातलं हॉस्पिटल २०१०मध्ये बंद झालं त्याचे फोटोही. दोन्ही एकाच मालिकेत, काहीही न लपवता. पुढे २०१९मध्ये ओहायोतला लॉर्ड्सटाउनचा मोटार कारखाना बंद होताना तिने युनियनच्या कामगारांबरोबर काम केलं. शिकागोच्या प्रदर्शनात साठाहून अधिक फोटो लाल चौकटींच्या रांगेवर लावले होते, असेंब्ली लाइनसारखे, आणि प्रत्येक माणसाच्या फोटोबरोबर त्याचंच म्हणणं होतं. ही डॉक्युमेंटरी की आर्ट? गॅलरीतल्या लोकांना ती आर्ट वाटली, युनियनच्या लोकांना स्वतःची नोंद. दोघांचंही बरोबर.

आता गॅलरीबद्दल, कारण पहिल्या परीक्षकांचा मुद्दा तिथला आहे. गॅलरीत फोटो वाचला जात नाही, त्याच्यासमोर उभं राहिलं जातं. लुक देलाहाए हा युद्धाचे फोटो काढणारा, मॅग्नम या नावाजलेल्या फोटोग्राफरांच्या संस्थेचा सदस्य होता. २००१मध्ये अफगाणिस्तानात खंदकात पडलेल्या तालिबान सैनिकाचा त्याचा फोटो जवळजवळ अडीच मीटर रुंद छापला गेला. २००४मध्ये तो मॅग्नममधून बाहेर पडला आणि स्वतःला कलाकार म्हणवू लागला. त्या आकारात प्रेताचे मोजे, वाळलेली पानं, चेहऱ्यावरची रक्ताची रेघ हे सगळं एकाच वेळी तुमच्या उंचीवर येतं. मासिकाच्या पानावर हाच फोटो बातमी झाला असता आणि आठवडाभरात रद्दीत गेला असता.

हा प्रयोग तुमच्या एकाच फोटोवर करून बघा. समजा, कपाटांच्या रांगेत एक माणूस शेवटचा डबा बंद करतो आहे. हा फोटो आठ बाय दहा इंचांचा छापून खाली नाव, खातं, नोकरीची वर्षं आणि तारीख लिहा. मग तोच चार फूट रुंद, कॅप्शनशिवाय छापा. पहिल्यात लोक आधी मजकूर वाचतात, मग चेहऱ्याकडे जातात. दुसऱ्यात आधी रंग उडालेले दरवाजे दिसतात, त्यावरची चिकटवलेली चित्रं, हाताची शीर. माणूस सावकाश येतो. मोठा प्रिंट नेहमी वरचढ ठरतो असं मुळीच नाही. बहुतेक मालिकांत दोन-तीनच फोटो मोठा आकार पेलतात, बाकीचे फुगवल्यावर पोकळ दिसतात. सरसकट सगळे तीन फुटी छापणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी हौस.

एडिट करायचं ते स्क्रीनवर नको. पोस्टकार्डएवढे स्वस्त प्रिंट काढा, भिंतीवर लावा आणि रोज येता-जाता बघा. ज्या फोटोची हकीकत सांगावी लागते तो बहुधा कमकुवत असतो. तुम्हाला प्रिय असलेला, कारण तो काढताना त्रास झाला होता, तो तर नक्कीच संशयित. चांगला फोटोही कधी वगळावा लागतो. तो शेजारच्या चांगल्या फोटोचंच काम करत असेल तर दोघांपैकी एकानेच राहायचं. पुस्तक करायचं असेल तर क्रम हाच आशय, हे भारतीय फोटोग्राफर दयानिता सिंगच्या कामात बघा: तिच्या लाकडी मांडणीला ती 'म्युझियम' म्हणते, त्यातले फोटो ती बदलत, हलवत राहते आणि तेच फोटो दुसऱ्या शेजाराने वेगळं बोलतात. तिला २०२२मध्ये फोटोग्राफीसाठीचा हॅसलब्लॅड पुरस्कार मिळाला तो याच वळणाच्या कामासाठी.

विक्रीची वेळ आली तर तिथेही शब्दाचाच मामला आहे. पाच किंवा दहा प्रतींची एडिशन (म्हणजे तेवढ्याच प्रती, पुढे नाहीत), वर एक-दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराच्या स्वतःच्या जादा प्रती), कॉटन कागदावर पिगमेंट प्रिंट, मागे सही आणि क्रमांक, ही रीत ठरलेली आहे. एडिशन त्या फोटोची आहे की त्या फोटोच्या त्या आकाराची, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणा. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगलस्टनने २०१२मध्ये आपल्या जुन्या फोटोंचे नवे, मोठे डिजिटल प्रिंट लिलावात काढले. ३६ प्रिंटना सुमारे ५९ लाख डॉलर आले. जुने, डाय ट्रान्सफर या रंगीत छपाईच्या पद्धतीचे प्रिंट घेतलेल्या एका संग्राहकाने दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला, म्हणजे कायद्याने एगलस्टन जिंकला. तरी तुम्ही एगलस्टन नाही. तुमच्या पहिल्या दोन-तीन ग्राहकांना फसल्यासारखं वाटलं तर चौथा येणार नाही.

हल्ली एआय आणि संगणकाने बनवलेल्या चित्रांबद्दल न लिहिता असं उत्तर पुरं होत नाही, म्हणून थोडक्यात. २०२१मध्ये मॅग्नमच्या योनास बेंडिक्सेनने उत्तर मॅसिडोनियातल्या वेलेस या गावावर पुस्तक काढलं. २०१६च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी खोट्या बातम्यांचा कारखाना म्हणून हे गाव गाजलं होतं. त्या फोटोंतली सगळी माणसं त्याने संगणकावर थ्रीडी मॉडेलमधून बनवली होती. फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या फोटो-महोत्सवात, जिथे जगातले मुरलेले फोटो-एडिटर जमतात, तिथे ते पडद्यावर दाखवलं गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी त्यानेच वाच्यता केली. फोटोकडे बघून डॉक्युमेंटरी ओळखता येते, हा समज तिथेच संपला. यापुढे तुमच्या मालिकेची विश्वासार्हता कॅमेऱ्यातून आलेल्या, हात न लावलेल्या कच्च्या (रॉ) फाइली, तारखा, नावं आणि कामगारांशी असलेलं तुमचं नातं यावर उभी राहील. रॉ फाइली जपून ठेवा, फोटोची आणि आजूबाजूच्या न निवडलेल्या फ्रेमचीही.

आणि संमती. सही घेतली की विषय संपला असं समजू नका. अमेरिकन फोटोग्राफर यूजीन स्मिथने १९७१मध्ये जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याच्या विषबाधेने अपंग झालेल्या मुलीला आई अंघोळ घालते आहे, असा फोटो काढला. विसाव्या शतकातल्या सगळ्यात परिणामकारक फोटोंपैकी तो एक. मुलगी पुढे वारली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तिला आता विश्रांती मिळावी या आईवडिलांच्या इच्छेला मान देऊन, फोटोचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या, तेव्हाच्या त्याच्या पत्नी, एलीन स्मिथ यांनी तो नव्याने छापायला देणं थांबवलं. कायद्याने तसं करायची सक्ती नव्हती. तुमच्या कामगारांपैकी एखादा दहा वर्षांनी 'तो फोटो आता नको' म्हणाला तर काय कराल, ते आत्ताच ठरवून त्यालाही सांगून ठेवा.

यातलं सगळ्यात आधी काय, असं विचाराल तर कॅप्शन. एडिट, आकार, एडिशन वर्षभराने केलं तरी चालतं. पण कारखाना बंद झाला की माणसं पांगतात, कोण कुठल्या खात्यात होतं हे सांगणारे सापडत नाहीत आणि फोन नंबर बदलतात. तिन्ही ढिगांतला प्रत्येक प्रिंट घेऊन गेटवर जा, त्या माणसाला दाखवा, मागे त्याचं नाव त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि फोटोत काय चाललं आहे ते त्याच्या शब्दांत टिपा. एक प्रत त्याला देऊन या.